विज्ञानाच्या तासाला सृष्टीची कथा निघाली तर

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

जूनपासून कर्नाटकातल्या निपाणीकडच्या हायस्कुलात दहावीला विज्ञान घेणार, हे कळलं. "पोरं म्हणाली सृष्टी देवानं केली, तर काय करू?" असं विचारलंयस. उत्तर आधी सांगतो. त्या कथा भाषेच्या, इतिहासाच्या तासाला जरूर सांगाव्यात. विज्ञानाच्या तासाला नकोत.

आधी वर्गाकडेच बघ. चिकोडी-निपाणी-अथणी पट्ट्यात मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान पोरं एकाच वर्गात बसतात. ब्रह्मदेवानं सृष्टी केली असं फळ्यावर लिहिलंस, तर जैन पोरगं घरून उलटंच ऐकून आलेलं असतं : विश्व अनादी, त्याला कर्ताच नाही. मुसलमान पोराच्या घरी आदम मातीतून घडवलेला. आणि ऋग्वेदाचं नासदीय सूक्त (मंडल 10, सूक्त 129) तर शेवटी म्हणतं, सृष्टी कुठून झाली हे त्या परमाकाशातल्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा नसेलही. यातलं खरं कुठलं, हे प्रयोगशाळेच्या कपाटातल्या कुठल्या साहित्यानं तपासशील? तपासता येत नाही, म्हणून तो विषय त्या तासाचा नाही. एवढंच सांग, आणि कुणाच्या घरच्या देवावर शेरा मारू नकोस.

कायदाही माहीत असू दे. राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाच्या तासाला बसवायचं तर पालकाची संमती लागते. पण स्टाफरूममध्ये कलमं काढून भांडू नकोस, उपयोग होत नाही.

दशावताराचं मात्र नक्की निघणार. "मत्स्य, कूर्म, वराह... म्हणजे डार्विनच की, सर!" कौतुकानं म्हणतील, तरी मान डोलावू नकोस. कूर्म हा मत्स्याच्या पोटी आलेला नाही. प्रत्येक अवतार स्वतंत्र आहे, आणि उत्क्रांतीचा तर सगळा भार वंशावळीवर.

दुसरी अडचण शब्दाची. 'उत्क्रांती'तला 'उत्' वर चढवतो आणि कन्नडमध्ये तर शब्दच 'विकास'. त्यामुळे माकड सुधारत सुधारत माणूस झालं, असं पोरांच्या डोक्यात बसतं. माणूस आणि चिंपांझी चुलत घराणी, दोघांचा पूर्वज सुमारे 60-70 लाख वर्षांपूर्वीचा, असं सांग. चुलता-पुतण्या आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही.

पुस्तकाची आवृत्ती उघडून बघ. एनसीईआरटीनं दहावीच्या धड्यातला उत्क्रांतीचा भाग गाळला, 2023 पासून धडा 'आनुवंशिकता' एवढाच उरला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण आर्ट्‌स-कॉमर्सला जाणाऱ्यांच्या कानावर पडणारच नाही. म्हणून आनुवंशिकतेतलं 'विचरण' (एकाच जातीतल्या जीवांमधले भेद) शिकवताना एक तास काढ आणि हा प्रयोग कर.

पंचिंग मशीननं वर्तमानपत्राच्या 80 आणि तेवढ्याच जाडीच्या पिवळ्या कागदाच्या 50 टिकल्या पाड. बारीक मजकुरानं भरलेलं पान बाकावर पसरून त्यावर 40-40 टिकल्या विखुर. चार पोरं 'पक्षी'. प्रत्येकानं पानाकडे पाठ करून उभं राहायचं, वळायचं, दिसेल ती एकच टिकली उचलायची, परत पाठ. प्रत्येकी 10 झाल्या की थांब. उरलेल्या 40 पैकी प्रत्येकीमागे त्याच जातीची एक टाक, पुन्हा 80. अशा तीन पिढ्या, आकडे फळ्यावर. पिवळ्या भराभर घटतात.

बिघडतं ते असं. पंखा चालू राहिला तर पहिली पिढी थेट खिडकीबाहेर. मूठभर ओढल्या तर रंगाचा संबंधच उरत नाही, दोन्ही सारख्याच जातात. पिवळा कागद कार्डासारखा जाड असेल तर पोरं बोटांनी चाचपून उचलतात, मग निवड जाडीची होते. पानावर मोठी जाहिरात असली तर वर्तमानपत्राच्या टिकल्याच उठून दिसतात. (हे मुद्दाम दुसऱ्या वेळी करून दाखव. परिसर बदलला की निवड बदलते, हे भाषणाशिवाय कळतं.)

इथे एखादं चलाख पोरगं म्हणेल, "सर, टिकल्या तर तुम्हीच पाडल्या. म्हणजे कर्ता आहेच!" दटावू नकोस, प्रश्न चांगला आहे. सांग : टिकल्या मी पाडल्या, पण कुठल्या उरतील ते मी ठरवलं नाही. हा प्रयोग निवड दाखवतो, भेद कुठून आले ते नाही. ते मुख्यतः डीएनएची नक्कल होताना राहणाऱ्या चुकांतून येतात. आणि पहिला जीव कसा आला, हा वेगळा प्रश्न, त्यावर शोध अजून चालू आहे.

चाचणीत "तुमचा विश्वास आहे का?" असा प्रश्न घालू नकोस. "पिवळ्या टिकल्या का घटल्या?" असं विचार. कुणी कारण बरोबर लिहून खाली "तरी सगळं देवानंच केलं" असं जोडलं, तर पूर्ण गुण दे आणि त्या ओळीवर लाल पेन फिरवू नकोस.

तुझा,
जुना मास्तर