गाणं आवडलं ना, मग लिहिणाऱ्याकडे जा

अरे,
रात्री दीड वाजता ‘ये रे घना’ची लिंक टाकलीस आणि खाली लिहिलंस की रडू आलं, ही आरती प्रभू कोण, मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही. तर पहिलं म्हणजे ती नाही, तो. आरती प्रभू हे टोपणनाव, खरं नाव चिं. त्र्यं. खानोलकर. आपल्याच वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांच्या राईत १९३० साली जन्मलेला, कुडाळात घरची खाणावळ बघता बघता कविता करणारा माणूस, ज्या कुडाळ स्टँडवर तू रोज एसटीतून उतरतोस तेच कुडाळ.

नाव माहीत नव्हतं यात तुझा दोष नाही. अ‍ॅपवर आशाबाईंचं नाव मोठं, कवीचं शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. रेडिओवाले निदान गाण्याआधी गीतकार सांगायचे. आणि आपल्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात बघ, बुवा कितीही ताना मारू देत, अभंग संपताना ‘तुका म्हणे’ येतंच, संतांनी सहीच आत करून ठेवलीय, भावगीतवाल्या कवीला ती सोय नाही.

आता एक काम कर. हृदयनाथांची चाल आणि आशाबाईंचा आवाज एकदा बाजूला ठेव (अवघड आहे, माहितीय) आणि ते शब्द हाताने वहीत उतरवून मोठ्याने वाच, गुणगुणायचं नाही हं. चाल इतकी जीव लावणारी आहे की त्यातलं ‘नको नको’ आपण लाडातलंच समजतो, पण कागदावर दिसतं की हा माणूस पावसाला बोलावतोय आणि त्याच दमात घाबरतोय पण, कारण फुलं नाजूक आहेत आणि वारा चुरगळायलाच टपलाय, आणि एवढं होऊन शेवटी त्याला त्याच वाऱ्याचं बोलावणं ऐकू येतंय. कौलं परतायची राहिली असतील आणि समुद्रावरून वारा सुटला तर तुझी आजी पावसाला कशी हाक मारते, विचार तिला. मला तरी हे गाणं तिथलं वाटतं. इंटरनेटवर कुणीतरी ‘प्रियकराची आळवणी’ वगैरे अर्थ लावून ठेवलेले असतात, ते आत्ताच वाचू नकोस, आधी तुझं तुला काय वाटतं ते होऊ दे.

मग ‘गेले द्यायचे राहून’ ऐक, आणि लगेच ‘सामना’ सिनेमातलं ‘कुणाच्या खांद्यावर’, रवींद्र साठ्यांनी गायलेलं. एकाच माणसाचं आहे यावर विश्वास बसत नाही. मग ‘नक्षत्रांचे देणे’ हा संग्रह लायब्ररीतून आण, त्याला साहित्य अकादमी मिळालं १९७८ ला, तोवर खानोलकर जाऊन दोन वर्षं झाली होती, वय सेहेचाळीस. जमल्यास पाडगावकरांचं पण काहीतरी वाच, तेही वेंगुर्ल्याचेच, वयात जेमतेम वर्षाचं अंतर, आणि पाऊस दोघांचा अगदी वेगळा.

तू स्वतः गाणी लिहितोस म्हणून हेही सांगतो, पुढचे काही महिने तुझ्या वहीत घन, समई, नक्षत्र असलं काही दिसलं तर मी सरळ खोडणार. ते त्याचं आहे. तुझ्याकडे बंदर आहे, बापाचा ट्रॉलर आहे, डिझेलचा वास आहे, त्यावर कुणी लिहिलंय अजून?

आणि हो, ते गाणं तू ‘सॅड मराठी’ नावाच्या प्लेलिस्टमध्ये टाकलंयस, तिथून आधी काढ बघू.