इंदूर–मुंबई–चेन्नई: मध्ये पावणेदोन तास पुरतील का?

ताई, तुम्ही लिहिलंय की इंदूर–मुंबई सव्वा तासाचं विमान, त्यानंतर पावणेदोन तासांनी मुंबई–चेन्नई, दोन्ही तिकिटं वेगळी, आणि सोबत गुडघे दुखणाऱ्या आई. वाचून पोटात गोळा आला. 2019 मध्ये मी अगदी हेच केलं होतं.

इंदूर–मुंबई हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर, रस्त्याने 600 च्या आसपास. तिकिटावरचा सव्वा तास म्हणजे इंदुरात विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ, तोही सगळं सुरळीत झालं तर. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालत राहतं. आम्ही त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा उतरलो.

पण घात त्याने नाही झाला. तिकिटं काढून देणाऱ्या एजन्सीत मी दोनदा विचारलं होतं, "मधला वेळ पुरेल ना?" उत्तर आलं, "एअरपोर्ट एकच आहे, काका, निवांत जा." एअरपोर्ट एकच, पण टर्मिनलं दोन! टी-2 सहारला, टी-1 सांताक्रूझच्या बाजूला. आमचं पहिलं विमान टी-2 वर, दुसरं टी-1 वरून. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात. मग पट्ट्यावरून बॅग घ्या, बाहेर या, आईला टॅक्सीत बसवा, ट्रॅफिकमधून तिकडे जा, पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. काउंटरवर पोचलो तेव्हा चेक-इन बंद होऊन सात मिनिटं झाली होती. तिकिटं वेगळी, म्हणून दुसऱ्या कंपनीचा काहीच संबंध नाही. ऐन वेळी नवीन तिकिटं काढली, तिप्पट पैसे गेले. आई रात्री अकरापर्यंत खुर्चीत बसून होती, एका शब्दाने बोलली नाही. ते मला अजून सलतं. आणि एजन्सीवाले? फोनच उचलेनात.

माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घ्या, हजार-दीड हजार जास्त पडले तरी. मग पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं हुकलं, तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. वेगळीच तिकिटं घ्यायची असतील तर मध्ये निदान चार तास ठेवा, आई सोबत आहेत म्हणून पाच. मी काही ट्रॅव्हल एजंट नाही, शिवाय टर्मिनलं बदलत राहतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी स्वतः तपासा.

विमान हुकलंच, तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. मागावं मात्र लागतं. आणि व्हीलचेअर 48 तास आधी सांगून ठेवा, दोन्ही कंपन्यांना वेगवेगळं. पहिल्या कंपनीचा माणूस आईंना टी-2 च्या दारापर्यंतच सोडतो.