बाबांना पन्नास वर्षांनी लढाईतला तो जोडीदार शोधायचाय, शोधू द्यायचा का?

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला बहुतेक वेळा मुलं नाहीतर सुना घेऊन येतात. घरातले फौजी आजोबा सत्तरीपर्यंत लढाईबद्दल अवाक्षर काढत नाहीत आणि मग एकदम जुने फोटो, जुनी नावं, रात्री उठून बसणं. नाशिकरोड, देवळाली कॅम्प हा सगळा पट्टाच तोफखान्याचा, त्यामुळे अशी घरं इथे भरपूर. घरच्यांना भीती दोन गोष्टींची, ही विसरायच्या आजाराची सुरुवात तर नाही ना, आणि तो माणूस गेलेला निघाला तर यांना सोसेल का.

एक केस सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळख बदलून. काका पंच्याहत्तरीला टेकलेले, १९७१ ला पाकिस्तानबरोबरच्या लढाईत शकरगड सेक्टरमध्ये गनर, म्हणजे तोफेवरचे जवान, होते. समोरून यांच्या गन पोझिशनवर गोळे पडायला लागले, मांडीत स्प्लिंटर घुसला, आणि बुलढाण्याकडच्या एका जोडीदाराने यांना पाठीवर टाकून आरएपीपर्यंत नेलं, म्हणजे पलटणीचा जो पहिला दवाखाना असतो तिथे. यांना ठेवलं आणि तो परत गनवर पळाला. काका पुढे मिलिटरी हॉस्पिटलात, मग मेडिकल कॅटेगरी उतरली, म्हणजे पूर्ण फिट नाहीत असं ठरलं, बदली झाली, त्या युनिटमध्ये परत गेलेच नाहीत. मे २०२५ मध्ये टीव्हीवर ऑपरेशन सिंदूर दिवसरात्र चालू, मॉक ड्रिलचे भोंगे, तेव्हापासून हे सुरू झालं. सून म्हणाली, मॅडम, जेवता जेवता मधेच थांबून म्हणतात, त्या दिवशी तो जेवला असेल का हो.

आधी विस्मरणाचं बघू. पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख आठवणं हे काही विस्मरणाचं लक्षण नाही. सकाळचं गोळ्या घेतलेलं आठवत नाही, ओळखीचा रस्ता चुकतो, पैशांचा हिशोब लागत नाही असं असेल तर डॉक्टर गाठा. काका नोव्हेंबरचा हयातीचा दाखला स्वतः करतात, सिलेंडर कधी लावला तारखेसकट सांगतात. उतारवयात माणूस आयुष्य पुन्हा चाळतो, रॉबर्ट बटलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच यावर लिहिलंय आणि हा आजार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. नोकरी, मुलांची शिक्षणं, लग्नं यात जे दाबून ठेवलेलं असतं ते रिकामपणी वर येतं, फौजींचं जरा जोरात येतं एवढंच.

मी काकांना एकटं बसवून विचारलं, इतकी वर्षं का नाही शोधलं? तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस, जिथे जवानांच्या नोकरीच्या नोंदी असतात, ते तुमच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं. बराच वेळ पॅन्टची शिवण नखाने उसवल्यासारखी करत बसले. मग म्हणाले, "नसला तर? मला सोडून परत गेला आणि तिथेच गेला असला तर?"

म्हणजे बघा, घरचे ज्या धक्क्यापासून त्यांना जपत होते तो धक्का हा माणूस चौपन्न वर्षं एकटाच उराशी घेऊन बसलेला, मग तुम्ही लपवून वाचवणार काय? म्हणून माझं उत्तर सरळ आहे, शोधू द्या, पण एकटं नको. आणि शोधायच्या आधी तो भेटला तर काय बोलाल आणि नसला तर कोणाशी बोलाल, दोन्ही त्यांच्या तोंडून काढून घ्या. काकांनी दोन पत्रं लिहिली, एक त्याला, एक त्याच्या घरच्यांना. दुसरं लिहायला फार दिवस लागले.

शोधाचं म्हणाल तर रेकॉर्ड ऑफिस दुसऱ्याचा पत्ता असा हातात देत नाही, ते बरोबरच आहे, तरी अर्ज करून ठेवावा. त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. आणि सगळ्यात चालतं ते फौजी कॅन्टीनची लाइन आणि युनिटचे व्हॉट्सॲप ग्रुप. फेसबुकवर टाकायचं तर नाव, युनिट, साल बास, नातवंडं उत्साहात आजोबांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर आणि पेन्शनची कागदपत्रं टाकून मोकळी होतात आणि मग फ्रॉडवाल्यांचे फोन सुरू.

काकांचं काम कॅन्टीनच्या लाइनीतच झालं. जोडीदार लढाईत वाचला होता, हवालदार होऊन रिटायर झाला, मेहकरकडे शेती केली आणि काही वर्षांपूर्वी वारला. बायको आहे. काकांनी फोन लावला, नाव सांगितलं तर पलीकडून लगेच, "तुमी तेच ना, पाठीवर बसून शिव्या देनारे?" काका आधी हसले मग रडले, मग तिलाच विचारत बसले की त्या दिवशी तो जेवला होता का.

वाईट वाटायचं ते वाटलंच, एका दिवसाच्या एसटीवर माणूस होता आणि आपण गेलो नाही हे त्यांना अजून खातं, त्यावर आम्ही बोलतोय. झोप बरीच सुधारली. फटाक्यांना मात्र अजून दचकून खाली बसतात, त्यासाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंय, ते नुसत्या बोलण्याचं काम नाही. तुमच्या घरी रोज भयानक स्वप्नं, दारू वाढणं किंवा मी कशाला वाचलो अशी भाषा असेल तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही चालतो.

दिवाळीनंतर मेहकरला जायचं ठरलंय. मुलगा म्हणतो गाडी काढतो, काका म्हणतात एसटीनेच जाणार, यावरून घरात सध्या भांडण चालू आहे आणि त्यात मी पडत नाहीये.