व्हेन, व्हेअर पाठ आहे तरी क्लॉज ओळखता येत नाही

बारावीचं वर्ष लागलं की ही तक्रार घेऊन मुलं येतातच. "मॅडम, नाउन क्लॉज कुठला, ॲडव्हर्ब क्लॉज कुठला, काही कळत नाही, नियम पाठ आहेत पण पेपरात सगळी खिचडी होते." आणि लगेच पुढे, मला इंग्लिश जमणारच नाही. क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्याच्या आतलं छोटं वाक्य; नाउन म्हणजे नाम, ॲडजेक्टिव्ह विशेषण, ॲडव्हर्ब क्रियाविशेषण. म्हणून ही एक केस लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगी सिन्नरहून रोज एसटीने नाशिकला यायची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बाकी विषयांत मार्क बरे. पण इंग्लिशच्या पेपरात सिंपल वाक्याचं कॉम्प्लेक्स, म्हणजे आत क्लॉज असलेलं, वाक्य करा असं आलं की हात थांबायचा, घरी जाऊन रडारड, आईला वाटायचं पोरीचं लक्षच नाही, त्यावरून दोघींचं रोज वाजायचं. आई मला म्हणाली, "ताई, हिच्या डोक्यात इंग्लिश शिरतच नाही बघा."

मी वही मागितली. शेवटच्या पानावर लाल पेनने चौकट करून यादी होती. दॅट, व्हॉट म्हणजे नाउन क्लॉज. हू, विच म्हणजे ॲडजेक्टिव्ह. व्हेन, व्हेअर, इफ, बिकॉज म्हणजे ॲडव्हर्ब. मला विचाराल तर सगळा घोळ त्या यादीत होता, पोरीच्या डोक्यात नाही. ही यादी मी इतक्या वह्यांमध्ये बघितलीय की खरंच वाईट वाटतं, कारण मूल मन लावून पाठ करतं आणि पाठ केलेलंच त्याला फसवतं.

तिला म्हटलं, अगं आपण तुझ्या एसटीवरच वाक्यं करू. 'आय डोन्ट नो व्हेन द बस विल लीव्ह.' 'आय रिमेंबर द डे व्हेन द बस ब्रोक डाऊन.' 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच नाशिक.' तिन्हीत व्हेन, यादीप्रमाणे तिन्ही ॲडव्हर्ब क्लॉज. मग विचारलं, पहिल्यात काय माहीत नाही? "बस कधी सुटेल ते." म्हणजे तो अख्खा तुकडा नामाच्या जागी बसलाय, तिथे नुसतं 'इट' टाकलं तरी वाक्य उभं राहतं, हा नाउन क्लॉज. दुसऱ्यात कुठला दिवस? बस बंद पडली तो, दिवसाबद्दल सांगतोय म्हणून ॲडजेक्टिव्ह. तिसऱ्यात फोन कधी करणार? पोचल्यावर, म्हणजे क्रियापदाची वेळ सांगतोय, हा ॲडव्हर्ब. शब्द तोच, काम वेगळं, आणि नाव कामावरून पडतं. ती वाक्यांकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "पण पहिल्यात विल आहे आणि तिसऱ्यात नाही, असं का?"

हा प्रश्न तिचा तिने विचारला याचा मला फार आनंद झाला. 'व्हेन आय विल रीच' ही चूक आपल्याकडे चांगली शिकलेली माणसंही करतात. मी विचारलं, बसमध्ये बसल्यावर आईला फोनवर काय सांगतेस? "पोचले की फोन करते." यात पोचेन आलं का? नाही. आणि बसचं काय सांगतेस? "कधी सुटेल माहीत नाही." इथे मात्र सुटेल आलं. वेळ सांगणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्यासाठी विल लागत नाही, नाउन क्लॉजमध्ये चालतं. म्हणून क्लॉज ओळखायचा, नुसता मार्कांसाठी नाही.

फ्रेज आणि क्लॉजमधला फरक पटकन झाला. तुकड्यात स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असेल तर क्लॉज, नसेल तर फ्रेज. 'बिकॉज ऑफ द रेन' फ्रेज, 'बिकॉज इट रेन्ड' क्लॉज.

फ्रेजमध्ये एक खड्डा आहे तेवढा सांगते. तिने लिहिलं होतं, 'रीचिंग रामकुंड, द रेन स्टार्टेड.' आपण रामकुंडावर पोचल्यावर पाऊस सुरू झाला असं बिनधास्त बोलतो, मराठीत दोन कर्ते वेगळे चालतात. इंग्लिशमध्ये मात्र ती फ्रेज पुढच्या कर्त्याला चिकटते, म्हणजे पाऊसच रामकुंडावर पोचला असं होतं. अशा वेळी सरळ क्लॉज करायचा, 'व्हेन वी रीच्ड रामकुंड, द रेन स्टार्टेड.' तसंच, गोदेला पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं हे अख्खं नाशिक विचारतं, तिने ते 'टेल मी हाऊ हाय हॅज द वॉटर रिझन' असं लिहिलं. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची रचना साध्या विधानाची होते, 'हाऊ हाय द वॉटर हॅज रिझन'.

आईशी वेगळं बोलले. रोज रात्री वही तपासून चुका मोजणं बंद करा, त्यापेक्षा पोरीला दिवसभराची एक गोष्ट इंग्लिशमध्ये सांगायला लावा, तुम्हाला समजली नाही तरी चालेल, ती तुम्हाला मराठीत समजावेल आणि तिथेच तिचा अर्धा अभ्यास होईल. सुरुवातीला आई तयार नव्हती, मला कुठे इंग्लिश येतं म्हणाली. मग बसायला लागली. रडणं आधी थांबलं, मार्क नंतर हळूहळू वाढले.

तुमच्या घरी असंच चालू असेल तर आधी मुलाला याद्या मिटवायला सांगा आणि प्रत्येक तुकड्याला काय, कुठला, कधी, का असं विचारायची सवय लावा. पण झोप उडालीय, जेवण सुटलंय, सगळ्याच विषयांना हात लावायची भीती वाटतेय असं दिसत असेल तर तो ग्रामरचा प्रश्न नाही, तेव्हा क्लास बदलत बसू नका, मुलाला घेऊन समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.