'प्लीज'ला मराठीत काय म्हणायचं?

एका आईने विचारलं आहे: "आमची सात वर्षांची लेक हॉटेलात वेटरला 'मला लिंबू सरबत दे' असं सांगते. इंग्रजीत मागताना मात्र न चुकता प्लीज म्हणते. मराठीत तिला 'कृपया' म्हणायला शिकवावं का?"

मी म्हणेन, 'कृपया' राहू द्या, 'द्याल का' शिकवा.

'कृपया' हे संस्कृतातल्या 'कृपा'चं तृतीया एकवचन, म्हणजे 'कृपेने'. मराठीत ते रुळलं पाट्यांवर, अर्जांत आणि घोषणांत: 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'. घरात, दुकानात कुणी ते बोलत नाही. आणि बोलताना 'कृपा करून' तोंडात येतं तेव्हा माणूस बहुधा वैतागलेला असतो. 'कृपा करून आता गप्प बस!' हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही?

इंग्रजीत आज्ञार्थाचं रूप लहानथोर सगळ्यांना एकच, म्हणून विनंतीसाठी वेगळा शब्द जोडावा लागतो. आपल्याकडे अदब क्रियापदातच असते. 'दे'चं 'द्या' झालं की आदरार्थी बहुवचन आलं. 'द्याल का?' म्हटलं की भविष्यकाळ आणि प्रश्न दोन्ही आले, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहिली. 'मिळेल का?' त्याहून मोकळं. त्यात देणाऱ्याचं नावच नाही, त्यामुळे सरबत संपलं असेल तर त्याला तसं सांगताना अवघडल्यासारखं होत नाही. 'देता का?' मात्र सुरावर अवलंबून. शांतपणे म्हटलं तर साधी विनंती, किंचित घाई आली की 'देता का जाऊ?' असं ऐकू येतं. मुलांच्या तोंडी म्हणून मला 'द्याल का' सगळ्यात बरं वाटतं. त्याच्या आधी 'जरा' आलं तर आणखी छान. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ कण. 'जरा पाणी द्याल का?' यातला 'जरा' पाणी किती ते सांगत नाही, मागणं हलकं करतो.

आता लेक 'दे' का म्हणते ते पाहा. तिच्या जगातली सगळ्यात जवळची माणसं 'तू' आहेत. आई तू, आजी तू, बहुतेक घरांत दादासुद्धा तू. आजकाल बाबाही तूच. तिच्या लेखी 'दे' हे प्रेमाचं रूप आहे, त्यात उद्धटपणा नाही. 'तुम्ही' तिला बाहेरच्या जगासाठी मुद्दाम शिकावं लागणार. म्हणून नुसतं 'दादा म्हण' एवढं सांगून भागत नाही. ती घरच्यासारखं 'दादा, दे' म्हणेल. 'दादा, द्याल का?' असं अख्खं वाक्य तिच्या कानावर पडायला हवं, आणि ते आपल्याच तोंडून. आपण 'ए, दोन पाणी आण' म्हणत असू, तर मुलं तेच उचलणार. वेटर अठरा वर्षांचा पोरगा असला तरी मुलांसाठी तो दादाच आणि 'आणा'च.

'मला सरबत पाहिजे' हे उद्धट का, असंही काही जण विचारतात. 'पाहिजे' हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, 'म्हणजे' जसं 'म्हणणे'चं. मुळात त्यात हुकूम नाही. पुण्यातल्या कानांना 'हवंय' मऊ वाटतं, पण मराठवाड्यात, विदर्भात 'पाहिजे' अगदी सरळ, घरगुती शब्द आहे. तिकडच्या मुलाला त्यावरून टोकू नये. कोल्हापुरात 'द्या की' म्हणतात, नागपूरकडे 'देऊन द्या ना भाऊ'. दोन्हींत पुरेपूर आर्जव आहे. 'द्या ना'तला 'ना' मात्र मुलांनी लांबवला की त्याचा हट्ट होतो, तेवढं लक्ष ठेवावं.

पेला समोर आल्यावर 'थँक्यू' म्हटलं तरी चालेल, तो शब्द आता आपलाच झाला आहे. पण पिऊन झाल्यावर 'सरबत छान होतं हं' असं मुलाने सांगितलं, तर ते कुठल्याही 'धन्यवाद'पेक्षा जास्त पोचतं.

मागे दादरच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. वेटरने आईकडे पाहून "काय आणू?" विचारलं. आईने मुलीकडे बोट केलं. मुलगी मान वर करून म्हणाली, "काका, एक पीयूष द्याल का? बर्फ नको हं." त्याने खांद्यावरचं फडकं सावरलं, तिच्या उंचीला वाकला आणि विचारलं, "जायफळ चालेल ना तुम्हाला?"