खुर्च्या मोजायच्या की घटना बदलायची?

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलो. निवडणुकीचे दिवस, टीव्ही लावला की प्रचाराच्या जाहिराती! जावई म्हणाले, "इथे खर्चाला लगाम घालायचा तर घटनाच बदलावी लागेल." आपल्याकडे मर्यादा आहेच ना? मग त्यांनाच घटनेला हात का लावावा लागतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : जावईबापूंचं बरोबर आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये 'बकले' खटल्यात ठरवलं की प्रचारावर पैसा खर्च करणं हे बोलण्यातच मोडतं, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण आहे. देणगीला मर्यादा चालेल, खर्चाला नाही. २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, कंपन्या आणि कामगार संघटनांनाही उमेदवारापासून वेगळं राहून हवा तेवढा खर्च करायची मुभा मिळाली. निकाल घटनेच्या आधारावर, म्हणून नुसत्या कायद्याने भागत नाही. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत, शिवाय ५० पैकी ३८ राज्यांची संमती. सप्टेंबर २०१४ मध्ये सिनेटमध्ये तसा प्रस्ताव आला. ५४ विरुद्ध ४२. पण चर्चा थांबवून प्रस्ताव पुढे न्यायलाच ६० मतं लागत होती, तिथेच अडला. नागरी हक्कांसाठी भांडणारी एसीएलयूसुद्धा विरोधात होती. बोलण्यावरच गदा येईल म्हणून. ती भीती मला अगदीच पोकळ वाटत नाही.

आता आपली मर्यादा. मी लेखा विभागातून निवृत्त झालो. तीन निवडणुकांत खर्च तपासणीची ड्युटी लागली होती. सभेचं शूटिंग लावायचं, थांबवायचं, खुर्च्या मोजायच्या. चहा, वडापाव, मांडव, सगळ्याला दरपत्रकातला भाव लावून शॅडो रजिस्टरात, म्हणजे आमच्या स्वतंत्र नोंदवहीत, आकडा चढवायचा आणि उमेदवाराच्या वहीशी ताळा घालायचा. एकदा एका उमेदवाराचा प्रतिनिधी पाऊण तास हुज्जत घालत बसला. मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या, त्यांचं भाडं का धरता? म्हटलं, मांडववाला सोडतो का? त्याच संध्याकाळी त्यांचे स्टार प्रचारक हेलिकॉप्टरने उतरले. त्यांच्या प्रवासाचा एक रुपया आमच्या रजिस्टरात आला नाही, आणि तेही कायद्याला धरूनच.

महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख ही मर्यादा उमेदवाराची. पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरायला सांगितला होता. संसदेने त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ला स्पष्टीकरण जोडून तो खर्च उमेदवाराच्या हिशेबातून बाहेर काढला. २००३ मध्ये ही सूट आवळली, तरी नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार मोकळाच राहिला.

तेव्हा आपल्याला घटनेपर्यंत जायची गरज नाही, कलम ७७ नीट केलं आणि पक्षालाही आकडा ठरवून दिला तर पुष्कळ झालं. तो प्रतिनिधी परवा मंडईत भेटला होता. चार रांगांचं भाडं अजून विसरलेला नाही.