आधी अर्ज, मग प्रदर्शन

प्रिय पोरी,

तुझ्या हळदीच्या यंत्राचा व्हिडिओ तीनदा पाहिला. वरून मातीसकट हळदीचा अख्खा कंद पडतो आणि खाली हळकुंडं एका बाजूला, जेठा गड्डा, म्हणजे मधला मूळ कंद, दुसऱ्या बाजूला येतो. ते बघून मी खुर्चीतून उठलोच. आमच्या आईचा पौष-माघ हे कंद हातानं मोडण्यात जायचा. बोटांना भेगा पडायच्या आणि नखांचा पिवळा रंग शिमग्यापर्यंत उतरायचा नाही. तू काय केलं आहेस ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणूनच हे पत्र घाईनं लिहितोय. पुढच्या महिन्यातल्या कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायचं म्हणतेस. मांड, पण पेटंटचा अर्ज दाखल झाल्याशिवाय नको. तीन आठवडे हातात आहेत, तेवढे पुरतात.

पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. कायद्याच्या लेखी नवी गोष्ट म्हणजे अर्जाच्या तारखेपर्यंत कुठंही छापून न आलेली आणि उघडपणे न वापरलेली. दुसऱ्यानं उघड केली की स्वतः केली, हा फरक इथे फारसा कामाला येत नाही. तुझ्या मैत्रिणीनं सांगितलेली बारा महिन्यांची सवलत खरी आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. तालुक्याच्या मैदानावरचा मांडव त्यात बसेल असं धरून चालू नकोस.

हा नियम हळदीच्याच बाबतीत आपल्या बाजूनं लागला होता. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेनं जुने ग्रंथ आणि शोधनिबंध मिळून 32 संदर्भ पुढे ठेवले, त्यात 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आधी छापलेला एक कागद केवढा भारी पडतो बघ. तो कागद आपला स्वतःचा असला तरी तितकाच भारी पडतो.

माझं तसंच झालं. 1994 साली मी मोल्डिंग बॉक्स, म्हणजे ओतकामातली साच्याची पेटी, उलटवायची एक चौकट केली होती. दोन माणसांचं काम एक माणूस करायचा. एका प्रदर्शनात ती मांडली आणि हौसेनं आकृतीसकट पत्रक छापून वाटलं. दिवाळीनंतर दोन शॉपमध्ये, म्हणजे आमच्यासारख्याच छोट्या कारखान्यांत, तशीच चौकट दिसली. धावत पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या एजंटकडे गेलो, तर त्यांनी माझंच पत्रक माझ्यापुढे ठेवलं. त्या दोन शॉपवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनी उघड्यावरचं उचललं. पण त्या रात्री घरी जाऊन बायकोला काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं. तुझ्यावर ती रात्र येऊ नये एवढ्यासाठी लिहितोय.

आता तुझ्या व्हिडिओबद्दल. तो कुणाकुणाला पाठवलास त्याची यादी आजच कर, आणि अजून मागे घेता येत असेल तिथून घे. माझ्या पाहण्यात झाकण बंद आहे, आतले रूळ दिसत नाहीत. हे चांगलं झालं, कारण नुसतं यंत्र चालताना दिसलं म्हणजे ते कसं चालतं ते कळलं असं होत नाही. तरी ही गोष्ट एजंटला पहिल्याच भेटीत सांग, लपवू नकोस. चुलत्यांच्या शेतात घेतलेली चाचणीही सांग. चाचणी उघड्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर कायदा वर्षभराची मोकळीक देतो. पण ती मोकळीक पुढे वाद झाला तर मांडायची, तिच्या भरवशावर अर्ज लांबवायचा नाही.

प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीचा तात्पुरता, अर्ज कर. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात, ते ऑनलाइन भरता येतात, आणि व्यक्तीच्या नावावर असेल तर सरकारी फी 1,600 रुपये आहे. एजंटची फी वेगळी. एजंट नोंदणीकृत आहे का ते बघून घे. त्या दिवसापासून बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा, नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तुझ्यासारखीला हे बारा महिने म्हणजे लाखमोलाची गोष्ट आहे. हळदीची काढणी वर्षातून एकदाच होते. जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज गेला तर समोरचा अख्खा हंगाम चाचणीला मिळतो, पावसाळ्यात दुरुस्त्या होतात आणि पुढची काढणी सुरू व्हायच्या आत पूर्ण तपशील देता येतो. हेच काढणी उरकल्यावर केलंस तर यंत्र हातात, तारीख कागदावर आणि शेतात हळद नाही!

प्रोव्हिजनल म्हणजे दोन ओळी खरडून तारीख मिळवणं नव्हे. जेवढं त्यात लिहिलं असेल तेवढ्यालाच ती तारीख लागते. तुझ्या यंत्राचं मर्म रुळांत नाही. रूळ गिरणीत असतात, चरकात असतात. मर्म आहे दोन रुळांच्या वेगातल्या फरकात आणि त्या रबरी बोटांच्या कोनात. कंद दाबला जात नाही, पिळला जातो, म्हणून हळकुंड सांध्यावरच सुटतं. हे असंच, या कारणासकट लिही. वेगाचा फरक किती ते किती चालतो, बोटं रबराऐवजी नायलॉनची किंवा काथ्याची केली तर काय होतं, ओल्या मातीत काय बदलावं लागतं, सगळं येऊ दे. तू फक्त रबर लिहिलंस तर नक्कल करणारा नायलॉन लावून मोकळा होईल.

यासाठी एक जुना खटला तुला माहीत असावा. मिर्झापूरच्या भांडीवाल्यांमध्ये लेथवर भांडं धरून ठेवायच्या साधनाच्या पेटंटवरून वाद झाला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. निकाल 1978 साली लागला. कोर्टानं म्हटलं की ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा आहे. माहितीतले भाग एकत्र जोडले म्हणून शोध होत नाही, त्यात बुद्धीची झेप दिसली पाहिजे. पेटंट गेलं. आम्हा शॉपवाल्यांना हे वाचून वाईट वाटतं, कारण आमचं अर्धं आयुष्य अशा सुधारणांत गेलेलं असतं. पण निकाल बरोबर आहे. म्हणून वकिली भाषेआधी तू स्वतः एका कागदावर लिही की हे कुणाही फिटरला का सुचलं नसतं. ते लिहिता आलं नाही तर अर्जावर पैसे घालू नकोस, सरळ यंत्र विकायला लाग. त्यातही कमीपणा नाही.

त्याआधी असं यंत्र आधी कुणी केलंय का ते धुंडाळ. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर इनपास ही पेटंट शोधायची सोय आहे, गूगल पेटंट्स आहे, दोन्ही फुकट आहेत. नुसतं हळद शोधू नकोस. आलं, बटाटा, भुईमूग यांचीही यंत्रं बघ, तपासणारा अधिकारी तेच करणार आहे. आणि एक बारीक गोष्ट: शेती करण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, अवजाराला मिळतं. तेव्हा हक्क यंत्रावर माग, काढणीच्या रीतीवर नको.

अर्जाची तपासणी आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते, तीही 31 महिन्यांच्या आत. पैसे भरून अर्ज केला आता निवांत, असं म्हणून कितीतरी जण इथेच गमावतात. साध्या विनंतीला व्यक्तीसाठी 4,000 रुपये लागतात. महिला अर्जदाराला 8,000 भरून जलद तपासणी मागता येते, ती तू माग. पेटंट मिळालं तर ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांचं, आणि तेही भारतापुरतं. मिळेपर्यंत यंत्रावर पेटंट मिळाल्याचं लिहू नकोस, त्याला दंड होतो. अर्ज केला आहे एवढं लिहिता येतं.

आता जरा नाजूक विषय. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हे चौघांचं प्रोजेक्ट होतं ना? बोटांचा कोन कुणी सुचवला? तिघांपैकी कुणी सुचवला असेल तर शोधक म्हणून त्याचं नाव अर्जात आलं पाहिजे. कॉलेजची प्रयोगशाळा वापरली असेल तर त्यांचा नियम काय आहे ते लेखी विचार. आज मैत्री आहे तोवर हे सोपं आहे, यंत्राला गिऱ्हाईक आलं की यातलं एक वाक्यही सरळ बोलता येणार नाही. सुटे भाग करून घेताना मात्र आमची जुनी रीत पाळ. रूळ एका शॉपमध्ये, चौकट दुसऱ्या, जोडणी घरच्या गोठ्यात. आणि दोन्ही शॉपवाल्यांकडून गुप्ततेच्या साध्या करारावर सही घे. चांगला कारागीर त्यानं दुखावत नाही.

विकण्याबद्दल तू एवढंच विचारलंस की कंपनी किती देईल. कंपनी कल्पनेला पैसे देत नाही, आकड्यांना देते. तासाला किती किलो, शंभरातली किती हळकुंडं मोडतात, एकरी किती बायकांचे किती दिवस वाचतात, आणि जेठ्या गड्ड्याला किती खरचटतं. शेवटचा आकडा तू मोजलेलाच नाहीस. तो गड्डा पुढच्या लागणीचं बेणं आहे, जखम झाली तर कुजेल. वायगावचा, वसमतचा, सांगलीचा कुठलाही शेतकरी पहिला प्रश्न हाच विचारेल. या हंगामात काढलेले गड्डे वेगळे साठव आणि लागणीपर्यंत किती टिकतात ते वहीत लिही.

करार करताना सगळा हक्क एकरकमी विकू नकोस, आत्ता तर नाहीच, कारण किंमत तुलाच माहीत नाही. लायसन्स, म्हणजे यंत्र बनवायचा परवाना, दे, आणि ते लेखीच, तोंडी लायसन्स कायदा मानत नाही. त्यात वर्षाची किमान रॉयल्टी, म्हणजे परवान्याबद्दल तुला मिळायचा मोबदला, ठरव, नाही तर कंपनी हक्क घेऊन कपाटात ठेवते. ठरल्या मुदतीत यंत्र बाजारात आणलं नाही तर हक्क तुझ्याकडे परत यावा. किती यंत्रं विकली त्याची वही बघायचा अधिकार तुला असावा. आणि तुझं यंत्र मोठ्या कंपनीत पोहोचवतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लाव.

नक्कल झालीच तर काय, हे तुझ्या बाबांनी विचारलं होतं. अमेरिकेत रॉबर्ट कर्न्स यांनी थांबून थांबून चालणारा मोटारीचा वायपर केला, 1964 साली पेटंटचा अर्ज केला. फोर्डवर त्यांनी 1978 साली खटला भरला आणि 1990 साली 1 कोटी 2 लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर संसार मोडला होता. पेटंटमुळे भांडायचा हक्क मिळतो, भांडण आपल्यालाच करावं लागतं. म्हणून नक्कल करणाऱ्याकडे आधी लायसन्सचा कागद घेऊन जायचं आणि कोर्ट मागे ठेवायचं, असं माझं मत आहे. बाबांना हे सांग.

रविवारी सकाळी ये. तीन बाजूंच्या आकृत्या पेन्सिलीनं काढून आण, मापं घालून. आणि एक न मोडलेला कंद आण, सांधा कुठं सुटतो ते मला हातात धरून बघायचं आहे.

तुझा,
काका